पंचायतनाची रोजची पूजा: क्रम, साहित्य आणि चुका होतात त्या जागा

प्रश्न थोडक्यात असा: सासरे गेल्यावर घरातले देव आता आम्हा नवराबायकोकडे आले आहेत. पंचायतन (विष्णू, शिव, गणपती, सूर्य आणि देवी हे पाच देव एकत्र), कुलदेवतेचे दोन टाक (पातळ पत्र्यावर उठवलेल्या प्रतिमा), अन्नपूर्णा, बाळकृष्ण, शंख आणि घंटा. ह्यांना मुंजीत शिकलेल्या संध्येपलीकडे काही येत नाही, मी स्तोत्रे म्हणते. सकाळी अर्धा ते पाऊण तास मिळतो. षोडशोपचार, म्हणजे सोळा उपचारांची पूजा नीट कशी करावी, आणि मोबाईलवर पुरुषसूक्त लावून केली तर चालेल का?

क्रमाकडे वळण्याआधी एक काम करा. देवघरातल्या देवांना हात लावण्यापूर्वी सध्याच्या मांडणीचा एक फोटो काढून ठेवा. पंचायतनात मधला देव कोणता आणि चार कोपऱ्यांत कोण, यावर ते विष्णुपंचायतन आहे की शिवपंचायतन हे ठरते, आणि हे घरपरत्वे बदलते. सासऱ्यांची मांडणी एकदा विस्कटली की नंतर कोणाला आठवत नाही.

पंचायतनात सहसा मूर्ती नसतात, खडे असतात. काळा गुळगुळीत, बहुधा छिद्र आणि आत चक्र असलेला तो गंडकी नदीतला शाळिग्राम, म्हणजे विष्णू. लांबट अंडाकृती गोटा तो नर्मदेतला बाण, म्हणजे शिव. तांबूस रंगाचा शोण नदीतला शोणभद्र हा गणपती. पारदर्शक स्फटिक हा सूर्य. सोनेरी झाक असलेला सुवर्णमुखी खडा ही देवी. मांडणीचा नियम ईशान्य, आग्नेय, नैर्ऋत्य, वायव्य या क्रमाने मोजतात. विष्णू मध्ये असेल तर शिव, गणपती, सूर्य, देवी. शिव मध्ये असेल तर विष्णू, सूर्य, गणपती, देवी. गणपती मध्ये असेल तर विष्णू, शिव, सूर्य, देवी. देवी मध्ये असेल तर विष्णू, शिव, गणपती, सूर्य. सूर्य मध्ये असेल तर शिव, गणपती, विष्णू, देवी. दिशा खरी धरायची की देव आणि पूजक यांच्यामधली बाजू पूर्व मानायची, याबाबत दोन परंपरा आहेत. म्हणून फोटो महत्त्वाचा. घरात चालत आलेली रीत दिसली की वाद उरत नाही.

दुसऱ्या भावाकडचे किंवा माहेरचे देव यात मिसळणार असाल तर संख्या बघा. एका देवघरात दोन शिवलिंगे, तीन गणपती, दोन शंख, दोन सूर्य, तीन देवी आणि दोन शाळिग्राम पूजू नयेत असे वचन आहे. शाळिग्राम एक चालतो. एकाहून अधिक असतील तर सम संख्येत, पण दोन नकोत. जास्तीचे देव दुसऱ्या नातेवाइकाच्या देवघरात द्यावेत. मूर्तीला तडा गेला तर ती विसर्जन करतात, शाळिग्रामाला मात्र भंगल्याचा दोष मानत नाहीत. त्याचा टवका उडाला म्हणून घाबरून तो पाण्यात सोडू नका.

साहित्य आणि त्याचे प्रमाण

मोठे ताम्हन एक, लहान ताम्हन एक, पंचपात्री आणि पळी, पाण्याचा तांब्या, अभिषेकपात्र, शंख व त्याची अडणी, घंटा, निरांजन, समई, उदबत्तीचे घर, सहाण आणि चंदनाचे खोड, देव पुसायला धुतलेले सुती फडके. हे फडके फक्त देवांचे असावे, रोज धुवावे आणि पूर्ण वाळवावे. दमट फडक्याने पुसलेल्या टाकांवर काळे डाग लवकर चढतात.

पंचामृताला रोज फार लागत नाही. चहाच्या चमच्याने दूध चार, दही दोन, तूप अर्धा, मध एक, साखर एक. तूप आणि मध समप्रमाणात घेऊ नका, आयुर्वेदात ते मिश्रण विरुद्ध मानले आहे आणि हे पंचामृत आपण तीर्थ म्हणून घेणार आहोत. पाचही पदार्थ चांदीच्या, काचेच्या किंवा स्टीलच्या वाट्यांत ठेवा. तांब्याच्या भांड्यात पाणी चालते, दूध-दही नाही. आंबट दही तांब्याला लागून राहिले की तीर्थाला हिरवट झाक येते आणि ते पोटात जाण्याजोगे राहत नाही. तांब्याच्या ताम्हनात देव ठेवून पंचामृत घालत असाल तर स्नान संपताच ते तीर्थ लगेच दुसऱ्या भांड्यात काढा. कल्हई किंवा चांदीचे ताम्हन असेल तर हा प्रश्नच येत नाही.

अक्षता म्हणजे न तुटलेले तांदूळ, कुंकू लावलेले. पसाभर तांदूळ एकदाच निवडून ठेवले तर आठवडा जातो. कुंकू लावताना पाण्याचे दोनच थेंब घाला, ओल्या अक्षता डब्यात बुरसतात. गंध मात्र रोज ताजे उगाळा. ते पाण्यासारखे पातळ झाले तर देवावरून ओघळते. खोड एकाच दिशेने गोल फिरवत पाणी थेंबाथेंबाने वाढवले की दाट उतरते.

फुले, पत्री यांचे विधिनिषेध पंचायतनात सगळे एकदम समोर येतात, कारण पाच देव शेजारी शेजारी आहेत. शाळिग्रामाला तुळस हवी आणि अक्षता नकोत. अक्षतांच्या जागी तुळशीपत्र किंवा पांढरे तीळ. गणपतीला दूर्वा आणि लाल फूल, तुळस नको. देवीला लाल फूल, हळदकुंकू, दूर्वा नको. बाणाला बेल, भस्म आणि पांढरे गंध. हळदकुंकू आणि केवडा नको. सूर्याला लाल कण्हेर किंवा जास्वंद, बेल नको. मूठभर फुले एकत्र उधळली की हे सगळे नियम एका क्षणात मोडतात. देव पाचच आहेत, प्रत्येकाला वेगळे वाहायला मिनिट लागत नाही. फूल झाडावर जसे उमलते तसे, तोंड वर करून वाहावे. बेल तेवढा पालथा, गुळगुळीत बाजू बाणाला लागेल असा. तुळस द्वादशीला आणि सूर्यास्तानंतर खुडत नाहीत. तुळस आणि बेल शिळे होत नाहीत, त्यामुळे आदल्या दिवशी काढून ठेवलेले चालतात.

आरंभीची अंगे

कालचे निर्माल्य काढा, देवघर पुसा, समई लावा, मग आसनावर बसा. पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे तोंड.

आचमनात उजव्या तळव्याचा गाईच्या कानासारखा खोलगट आकार करून उडदाचा दाणा बुडेल एवढेच पाणी घ्यायचे. केशवाय, नारायणाय, माधवाय या तीन नावांनी पाणी अंगठ्याच्या मुळाकडून प्यायचे, गोविंदाय म्हणताना ताम्हनात सोडायचे, आणि पुढची वीस नावे हात जोडून म्हणायची. ओंजळभर पाणी घेऊन घोट घेतात ते चूक. नंतर प्राणायाम.

संकल्पात आपण काळ आणि जागा सांगतो. लोक इथे पोथीत छापलेलाच मजकूर जन्मभर वाचतात. शालिवाहन शक काढायला पाडव्यानंतर इसवी सनातून ७८ वजा करा, पाडव्याआधी ७९. उदाहरणार्थ २०२६ च्या पाडव्यापासून शके १९४८, पराभवनाम संवत्सर. महिना अमान्त घ्या, म्हणजे अमावास्येला संपणारा; महाराष्ट्र-गोव्यात तीच पद्धत आहे. मोबाईलवरची बरीच पंचांगे उत्तरेकडची पौर्णिमान्त पद्धत दाखवतात, त्यामुळे कृष्णपक्षात महिन्याचे नाव एकाने पुढचे येते. सेटिंगमध्ये एकदा बदलून ठेवा. "गोदावर्याः दक्षिणे तीरे" हे मुंबई, पुणे, सोलापूर, कोल्हापूरकरांसाठी बरोबर आहे. जळगाव, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर इथल्या लोकांनी "उत्तरे तीरे" म्हणायला हवे. परदेशात राहणाऱ्यांनी दंडकारण्य आणि गोदावरी गाळून त्या देशाचे व गावाचे नाव घ्यावे, आणि तिथी स्थानिक वेळेवरून काढलेल्या पंचांगातली घ्यावी, भारतातली तारीख बघून नाही.

शेवटचे वाक्य: "श्रीविष्णुपंचायतनदेवताप्रीत्यर्थं यथाज्ञानेन यथामिलितोपचारद्रव्यैः पुरुषसूक्तेन पुराणोक्तमंत्रैश्च षोडशोपचारपूजनं करिष्ये". मुख्य देव वेगळा असेल तर विष्णूच्या जागी त्याचे नाव. हातातले पाणी ताम्हनात सोडा.

त्यानंतर आसनशुद्धी, कलश, शंख, घंटा आणि दीप यांची पूजा. प्रत्येकाला गंध, अक्षता, फूल. शंखाला अक्षता न वाहता गंध, फूल आणि तुळस. शंख तांब्यात बुडवून भरू नका, पळीने भरा, आणि जमिनीवर न ठेवता अडणीवर ठेवा. कलशातल्या पाण्याने स्वतःवर आणि साहित्यावर तुळशीने प्रोक्षण करा. हा भाग सहा-सात मिनिटांत होतो.

सोळा उपचार आणि पुरुषसूक्त

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या नव्वदाव्या सूक्तात, म्हणजे पुरुषसूक्तात, सोळा ऋचा आहेत आणि उपचारही सोळा, म्हणून एका ऋचेला एक उपचार अशी जोडी बसली. सहस्रशीर्षा ला आवाहन. पुरुष एवेदं ला आसन. एतावानस्य ला पाद्य. त्रिपादूर्ध्व ला अर्घ्य. तस्माद्विराळ ला आचमन. यत्पुरुषेण ला स्नान. तं यज्ञं ला वस्त्र. तस्माद्यज्ञात्सर्वहुतः संभृतं ला यज्ञोपवीत. तस्माद्यज्ञात्सर्वहुत ऋचः ला गंध. तस्मादश्वा ला पुष्प. यत्पुरुषं व्यदधुः ला धूप. ब्राह्मणोऽस्य ला दीप. चंद्रमा मनसो ला नैवेद्य. नाभ्या आसीत् आणि सप्तास्यासन् या दोन ऋचांना नमस्कार आणि प्रदक्षिणा, यांची आपसांतली जागा पोथीपरत्वे बदलते. यज्ञेन यज्ञं ला मंत्रपुष्प.

आता मोबाईलचा मुद्दा इथेच येतो. यूट्यूबवर मिळणारी पुरुषसूक्ताची बहुतेक ध्वनिमुद्रणे तैत्तिरीय शाखेची, म्हणजे कृष्ण यजुर्वेदातली आहेत. तिथे मंत्र अठरा आहेत आणि "सप्तास्यासन्" शेवटाकडे नसून सातव्या जागी येतो. म्हणजे सहा उपचार बरोबर जातात, स्नानानंतर वस्त्राच्या वेळी भलताच मंत्र कानावर पडतो आणि तिथून पुढे सगळे एका जागेने सरकते. दीप ओवाळताना धूपाचा मंत्र चालू असतो. मुद्रण कोणत्या शाखेचे हे ओळखायची सोपी खूण म्हणजे पाचवा मंत्र. "विराळजायत" असा ळ ऐकू आला तर ऋग्वेद, "तस्माद्विराडजायत" असा ड आला तर तैत्तिरीय, आणि "ततो विराडजायत" असे सुरू झाले तर शुक्ल यजुर्वेदातले माध्यंदिन. तुमचे घराणे ऋग्वेदी असेल तर ऋग्वेदी पाठ घ्या, हिरण्यकेशी किंवा आपस्तंब असेल तर तैत्तिरीय पाठ आणि त्याच शाखेची पूजेची पोथी घ्या. दोन शाखांची सरमिसळ करू नका.

आणि मुद्रण लावून पूजा करण्याबद्दल माझे स्पष्ट मत: शिकण्यासाठी उत्तम, पूजेत त्याच्या मागे धावणे वाईट. मुद्रण थांबत नाही, हात थांबतात. मग माणूस वस्त्र शोधत असतो आणि यंत्र नैवेद्यापर्यंत पोचलेले असते. मंत्र पाठ होईपर्यंत नाममंत्राने पूजा करा. "श्रीविष्णुपंचायतनदेवताभ्यो नमः, पाद्यं समर्पयामि" एवढे एक वाक्य, उपचाराचे नाव बदलत सोळा वेळा. ही पूर्ण पूजा आहे, तिला उणेपणा नाही. तुम्ही दोघांपैकी कोणीही ती करू शकता. स्त्रियांनी वेदमंत्र म्हणावेत का यावर मते वेगळी आहेत. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीने कित्येक वर्षे स्त्रियांना पौरोहित्य शिकवले आहे आणि त्या उत्तम पूजा सांगतात. म्हणायचे असतील तर गुरूसमोर बसून स्वरांसह शिका, पुस्तकावरून नको. दर आठवड्याला दोन ऋचा धरल्या तर दोन महिन्यांत सूक्त पाठ होते.

आवाहनाबद्दल एक बारकावा. शाळिग्राम आणि बाण यांच्यात देवता नित्य असते, म्हणून त्यांना आवाहन आणि विसर्जन नाही. त्या जागी मंत्र म्हणून तुळस किंवा फूल वाहायचे. पोथीत "आवाहयामि" छापलेले असते ते पार्थिव, म्हणजे मातीच्या मूर्तीसाठी, सुपारीवर मांडलेल्या देवतांसाठी. रोजच्या पूजेच्या शेवटी "यांतु देवगणाः सर्वे" म्हणून अक्षता टाकणे हीही त्याच पोथीतून आलेली चूक आहे. घरातल्या देवांना रोज निरोप देत नाहीत.

स्नान: जिथे सर्वाधिक गोंधळ होतो

पाद्य, अर्घ्य, आचमन यांना एकेक पळी पाणी पुरते. अर्घ्याच्या पाण्यात गंध आणि फूल असावे. मग देव ताम्हनात घ्या.

पंचामृताचा क्रम दूध, दही, तूप, मध, साखर. त्यांचे ऋग्वेदी मंत्र अनुक्रमे आप्यायस्व, दधिक्राव्णो, घृतं मिमिक्षे, मधुवाता, स्वादुः पवस्व. प्रत्येकानंतर एक पळी शुद्ध पाणी. क्रम बदलू नका, त्याला व्यवहाराचाही आधार आहे: तुपाचा आणि मधाचा चिकटपणा शेवटी साखरेने हलके चोळल्यावर निघून येतो. साखर आधी वापरली तर तूप खड्यांच्या खाचांत तसेच राहते आणि चार दिवसांनी वास येऊ लागतो. नंतर गंधोदक आणि कोमट पाणी. कोमट म्हणजे हाताला जेमतेम ऊब लागेल इतकेच. कढत पाण्याने स्फटिकाला तडा जाऊ शकतो, आणि टाकांच्या पातळ पत्र्यामागे लाख भरलेली असेल तर ती सुटते.

यानंतरची पायरी बहुतेक घरांत गळून गेलेली आहे. पंचामृतस्नान झाल्यावर लगेच अभिषेक नसतो. आधी पूर्वपूजा: गंध, फूल, धूप, दीप आणि उरलेल्या पंचामृताचा नैवेद्य. मग ते फूल काढून, हुंगून, उत्तरेकडे टाकायचे. "उत्तरे निर्माल्यं विसृज्य अभिषेकं कुर्यात्" असे पोथीत बारीक अक्षरात लिहिलेले असते आणि वाचणारा ते सूचनेऐवजी मंत्र समजून म्हणून टाकतो, कृती करतच नाही. पूर्वपूजा ही पंचामृतस्नानाची सांगता आहे. तिच्यानंतर अभिषेक ही वेगळी, मोठी अंघोळ सुरू होते. हा सांधा कळला की पोथीत गंध-फूल-धूप-दीप दोनदा का येतात हे कोडे सुटते. लोक दुसऱ्यांदा आले म्हणून पहिले गाळतात, किंवा पहिल्यालाच सगळे दागिने-वस्त्रे घालून बसतात आणि मग अभिषेकासाठी ती पुन्हा उतरवतात.

अभिषेकाची धार बारीक आणि अखंड हवी. अभिषेकपात्राचे छिद्र मोठे असेल तर त्यात दूर्वेची काडी घाला, धार आपोआप बारीक होते. रोज पुरुषसूक्त एकदा पुरते, साधारण चार मिनिटे, तांब्याभर पाणी. वेळ असेल त्या दिवशी सोमवारी रुद्र, चतुर्थीला अथर्वशीर्ष, शुक्रवारी श्रीसूक्त. अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तने करताना फलश्रुती प्रत्येक वेळी म्हणायची नसते, ती शेवटच्या आवर्तनानंतर एकदाच. रुद्राचे एक आवर्तन म्हणजे नमक आणि चमक, दोन्हींचे अकरा-अकरा अनुवाक, म्हणजे मंत्रांचे खंड. नमक अकरा वेळा आणि प्रत्येकानंतर चमकाचा एकेक अनुवाक अशी एकादशणी होते. अकरा एकादशण्यांचा लघुरुद्र. तो एकट्याने घरी करण्याचा विषय नाही, गुरुजींना बोलवा.

शंखातले पाणी शाळिग्रामावर घालावे. शिव आणि सूर्य यांना शंखाने स्नान नाही. पाचही देव एकाच ताम्हनात असतात, म्हणून शंख नेमका शाळिग्रामावर धरा.

देव पुसून जागेवर ठेवा, "सुप्रतिष्ठितमस्तु" म्हणून फूल वाहा आणि पुढे चला.

वस्त्रापासून मंत्रपुष्पापर्यंत

कापसाची वस्त्रे वाहताना गणपती, विष्णू, शिव, सूर्य यांना जानवेही. देवीला हळदकुंकू आणि सौभाग्यद्रव्ये. गंध अनामिकेने लावा, तर्जनी देवाला लावत नाहीत. धूप-दीप उजव्या हाताने ओवाळताना घंटा डाव्या हातात. घंटा स्नान, धूप, दीप, नैवेद्य आणि आरतीच्या वेळी वाजवायची, मंत्र चालू असताना सतत नाही. सतत वाजवली की म्हणणाऱ्याचेच स्वर चुकतात.

नैवेद्याला घाई करतात आणि ते खटकते. देवापुढे पाण्याने चौकोनी मंडल करा, त्यावर पान किंवा वाटी. रोज दूध-साखर किंवा केळे पुरेसे आहे. सणाला पूर्ण पान वाढाल तेव्हा बहुतेक घरांत नैवेद्याच्या पानात मीठ वेगळे वाढत नाहीत. तुळशीपत्र घालून सकाळी "सत्यं त्वर्तेन परिषिंचामि", संध्याकाळी "ऋतं त्वा सत्येन परिषिंचामि" म्हणत पाणी फिरवा. मग प्राणाय, अपानाय, व्यानाय, उदानाय, समानाय, ब्रह्मणे, प्रत्येकापुढे स्वाहा. इथे थांबा. पाच-सहा श्वास डोळे मिटून बसा. पाहुण्यापुढे ताट ठेवून लगेच हात धुवायला पाणी देत नाहीत, पण पूजेत "ब्रह्मणे स्वाहा" आणि "उत्तरापोशनं समर्पयामि" यांत एक क्षणही जात नाही. नंतर मध्ये पाणी, उत्तरापोशन (जेवणानंतरचे आचमन), हात आणि मुख धुण्यासाठी पाणी, हाताला चंदन, दोन विड्याची पाने-सुपारी आणि नाणे.

आरती, कापूर. प्रदक्षिणांची संख्या देवीला एक, गणपतीला तीन, विष्णूला चार, सूर्याला सात, शिवाला अर्धी. घरी स्वतःभोवती मुख्य देवाच्या हिशेबाने घाला. मंत्रपुष्पात यज्ञेन यज्ञं, राजाधिराजाय, स्वस्ति साम्राज्यं. मंत्रपुष्पाची फुले सुरुवातीलाच हातात घ्या आणि शेवटी वाहा. आरती चालू असतानाच ती देवावर फेकणे बरे नाही. शंखातले पाणी देवावरून फिरवून सगळ्यांवर शिंपडा. "आवाहनं न जानामि", "मंत्रहीनं क्रियाहीनं" म्हणून क्षमा मागा, आणि "अनेन कृतपूजनेन श्रीविष्णुपंचायतनदेवताः प्रीयंताम्" म्हणत पाणी सोडा. हे पाणी सोडल्याशिवाय संकल्प पुरा होत नाही.

तीर्थाबद्दल शंका येते, कारण शिवाचे निर्माल्य घेऊ नये असे ऐकलेले असते. पंचायतनात शाळिग्रामाचा संसर्ग असल्यामुळे ते ग्राह्य होते असे स्पष्ट वचन आहे. निःशंक घ्या. उरलेले दूधदह्याचे पाणी तुळशीला घालू नका, मुळे कुजतात आणि मुंग्या लागतात. मोठ्या झाडाला घाला. निर्माल्य झाडाच्या बुंध्याशी किंवा खतात, प्लॅस्टिकच्या पिशवीतून नदीत नको.

गडबडीच्या दिवशी

पाऊण तास रोज मिळेलच असे नाही. अशा दिवशी आचमन, छोटा संकल्प, साध्या पाण्याचे स्नान, गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य. दहा-बारा मिनिटांत पंचोपचार होतो. अर्धवट षोडशोपचारापेक्षा पूर्ण पंचोपचार केव्हाही चांगला. पंचामृत सोमवारी, एकादशीला, चतुर्थीला, सणाला असे ठरवून घ्या. संध्याकाळी समई, उदबत्ती आणि दूध-साखर. सुतकात किंवा सोयरात देवांना स्पर्श नाही; ज्यांना ते लागू नाही अशा दुसऱ्या गोत्राच्या माणसाकडून तेवढे दिवस पूजा करवून घ्या.

टाक आणि अन्नपूर्णा, बाळकृष्ण यांच्या मूर्ती रोज पावडरने घासू नका. टाकांवरचे नक्षीकाम पातळ पत्र्यावर उठवलेले असते. रोजच्या घासण्याने दहा-पंधरा वर्षांत देवीचे नाक-डोळे सपाट होतात आणि तो टाक मग कोणाचा हेच ओळखू येत नाही. पंधरा दिवसांतून एकदा पितळेला चिंच आणि चांदीला मऊ फडक्याने रांगोळीची अगदी बारीक वस्त्रगाळ पूड, तीही बोटाने हलके, ब्रश न वापरता. दोन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच कोरडे करा. शाळिग्राम आणि बाण यांना कशानेच घासायचे नाही. फार मळले तर दह्यात थोडा वेळ ठेवून कोमट पाण्याने धुवा, आणि शाळिग्रामाच्या छिद्रात अडकलेले तूप कापसाच्या वातीने काढा.